‘नको’चा रकाना

सरळ लिहिते. मला वळणं घेऊन लिहिता येत नाही, कारण माझं सगळं शिक्षण पत्रकांवर झालं. बिलोलीला आमच्या बुद्धविहाराला लागून एक वाचनालय आहे. तिथं बसून सोळाव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं आणि पुढची दहा वर्षं माझं एकही वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपलं नाही. रस्ता द्या! दवाखाना द्या! नवा जिल्हा झालाच पाहिजे! समोरच्याला काय वाटतं हे विचारायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. समोरच्याला सांगायचं असतं, एवढंच ठाऊक. विचारायचं कसं हे मला रझियाआपांनी दाखवलं, आणि तेही मी त्यांना भरपूर त्रास दिल्यानंतर.

आपा देगलूरच्या. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. अंगानं काडी, चालणं मात्र असं की मागून येणाऱ्यानं धापा टाकाव्यात. ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं, खांद्यावर कापडी पिशवी, डोळ्यांवर चष्मा. चष्म्याची डावी काडी मेणदोऱ्यानं बांधलेली होती. त्यांचे मालक जिल्दसाज होते. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळेच्या पुस्तकांच्या जिल्दी, दुकानदारांच्या चोपड्या बांधायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा मेणदोरा आपांच्या घरात अजून संपला नव्हता. आपा त्यानं चष्मा बांधायच्या, फॉर्मचे गठ्ठे बांधायच्या, आणि एकदा तर माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा त्यांनी भर रस्त्यात त्याच दोऱ्यानं शिवून दिला.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्याकडं, देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात, रेल्वे नव्हती आणि पाणीही नव्हतं. टँकर यायचा. पुण्याची एक संशोधन संस्था दुष्काळ आणि आजारपण यांची पाहणी करून राहिली होती. घरोघरी जाऊन बारा पानांचा फॉर्म भरायचा: पाणी कुठून आणता, किती लांबून, घरात कोण आजारी पडलं, कुठं दाखवलं. बारावं पान वेगळं होतं. तिथं एकच प्रश्न. तुम्ही दिलेली ही उत्तरं सरकारी दवाखान्यातल्या तुमच्या नोंदींशी जोडायला तुमची संमती आहे का? खाली दोन रकाने, हो आणि नको. त्याखाली सही किंवा अंगठा.

मी या कामाला लागले ती त्या बाराव्या पानासाठी. आमची समिती नवा जिल्हा मागत होती. जिल्ह्याचं ठाणं देगलूरला असावं की उदगीरला, यावर समितीतच दोन गट होते आणि ते एकमेकांचा चहा पीत नव्हते, ती गोष्ट वेगळी. पण मुद्दा खरा होता. मोठ्या दवाखान्यासाठी आमच्या बाईला ऐंशीएक किलोमीटर नांदेड गाठावं लागतं. हे आम्ही घसा कोरडा पडेस्तोवर सांगायचो आणि कचेरीतला माणूस विचारायचा, पुरावा काय? आता लोकांची उत्तरं आणि दवाखान्याच्या नोंदी जोडल्या, की पुरावाच पुरावा! म्हणून मला बाराव्या पानावर हो पाहिजे होतं. प्रत्येक घरातून पाहिजे होतं.

आणि पाहणीतल्या माझ्या गटाची प्रमुख कोण, तर लोकांना नको म्हणायला शिकवणारी बाई.

पहिल्या दिवशी मी हे बघितलं तेव्हा डोकं धरलं. एका म्हाताऱ्या बाबांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. अकरा पानं झाली. आपांनी फॉर्म मिटला, मांडीवर ठेवला आणि सांगायला लागल्या.

“बाबा, दोन वह्या हायत असं समजा. एक माझ्या हातातली. तुम्ही आत्ता मला जे सांगितलं ते हिच्यात. दुसरी दवाखान्यात, डॉक्टरनं लिहिलेली. तुम्ही हो म्हणलात, तर पुण्याचा माणूस तुमचं नाव काढणार, नंबर टाकणार, आणि दोन्ही वह्यांची एक जिल्द बांधणार. नको म्हणलात, तर ही वही वेगळी, ती वेगळी. टँकर, राशन, निराधारचा पगार, कशालाच त्यानं फरक पडत न्हाई. पण एक ध्यानात ठेवा. एकदा जिल्द बांधली की पानं सुटी करायला फाडावं लागतंय. काय समजलं ते आता तुम्ही मला सांगा.”

बाबांनी सांगितलं, अर्धं चुकीचं. आपांनी पुन्हा सांगितलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, यावेळी बरोबर. मला वाटलं, झालं आता. तर आपा म्हणाल्या, “आता एकदा मला नको म्हणून दाखवा.”

“आं?”

“म्हणून तर बघा. नंतर काय लिहायचं ते तुमच्या मनावर.”

बाबा हसायला लागले. “अहो बाई, कागद घेऊन आलेल्या माणसाला नको म्हणायची आमाला सवयच न्हाई.”

“म्हणून तर म्हणते. म्हणा.”

“नको,” बाबा पुटपुटले.

“मला ऐकू नाही आलं.”

आतून म्हातारी ओरडली, “ऐकू कसं येईल? त्यांचा समदा आवाज माझ्यासाठी राखून ठेवलाय! मला तर रोज म्हणतेत!”

ओसरी हसली. बाबांनी लाजत, पण खणखणीत ‘नको’ म्हटलं. मग आपांनी फॉर्म उघडला आणि विचारलं, “आता खरं सांगा, काय लिहू?” बाबांनी फॉर्मकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, “हो लिहा.”

रस्त्यावर आल्यावर मी भांडले. “आपा, त्यांना हो म्हणायचंच होतं. एवढा वेळ कशाला?”

“ज्याला नको म्हणता येत न्हाई, त्याचा हो मी काय करू, बेटा?” त्या म्हणाल्या आणि पुढं चालायला लागल्या.

त्यांना चार भाषांत नको येत होतं. मराठीत नको, घरच्या दख्खनीत नक्को, तेलुगूत वद्दु, कन्नडमध्ये बेडा. देगलूरला चारही लागतात. सीमेजवळच्या एका तांबूस मातीच्या गावात फक्त तेलुगू बोलणारी एक आजी होती. तिच्यापुढं बसून आपा हसत हसत “वद्दु, अम्मा, वद्दु” म्हणत होत्या आणि आजी त्यांच्यामागून म्हणत होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघी गाण्याचा सराव करताहेत.

त्यांचे नियम पक्के होते. टँकर यायच्या वेळी कुणाच्या दारात जायचं नाही. तेव्हा माणूस घागरीपाशी असतो, तुमच्यापाशी नसतो. बाईला विचारायचं तर बाईलाच, दारातली गर्दी बाहेर. “जरा उन्हं खाऊन या,” असं त्या भर एप्रिलात सासवांना सांगायच्या आणि सासवा जायच्या. आणि नको म्हटलं तर का नको हे विचारायचं नाही. “हा प्रश्न फॉर्मवर हाय का? न्हाई. मग तो आपला न्हाई.”

एकदा एका तरुणानं आम्हाला अडवलं. “म्याडम, आधार बँकेला जोडलं, ग्यासला जोडलं, मोबाईलला जोडलं. आता आमचं जोडायचं काय राहिलंय?”

“त्यावेळी तुला विचारलं होतं का?”

“न्हाई.”

“मी विचारून राहिले. हाच फरक.”

त्यानं शांतपणे नको म्हटलं. आपांनी नकोच्या रकान्यात खूण केली, तीही हो करताना करायच्या तितक्याच नीट, रेघ रकान्याबाहेर न जाऊ देता. मी शेजारी बसून दात खात होते. त्या नको कशाला लिहितात, असं मला वाटे. माझा जिल्हाच खोडून राहिल्यात असं वाटे.

मग बोरतळी आली. गावाचं नाव मी बदललंय. पुढं एका बाईचंही नाव बदलणार आहे आणि तिला काय आजार होता तेही लिहिणार नाही. तिनं मला त्याला हो म्हटलेलं नाही.

बोरतळीच्या वेळी आपांना दोन दिवस ताप होता. मी म्हटलं, मी एकटी करते. त्या म्हणाल्या, सावकाश कर. मी सावकाश केलं नाही. माझ्या पिशवीत फॉर्मसोबत समितीची पत्रकंही होती. गावाच्या पारावर उभी राहिले आणि माझ्या जुन्या आवाजात सुरू झाले. आपल्या बाया नांदेडच्या रस्त्यावर मरतात! सरकार पुरावा मागतंय! हा घ्या पुरावा! हा कागद म्हणजे नव्या जिल्ह्याची मागणी, सही करा! गाव पेटलं. मग घरोघरी गेले, अकरा पानं भरली, बाराव्यावर बोट ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. एक्केचाळीस घरं, एक्केचाळीस हो. एवढं मोठं काम मी आजवर केलं नव्हतं, असं समजून मी देगलूरला परत आले.

आपा खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी गठ्ठा सोडला. सवयीप्रमाणं त्या आधी बाराव्या पानाचे नको बघायला लागल्या. पानं उलटत गेल्या. शेवटपर्यंत गेल्या. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

“एक्केचाळीसच्या एक्केचाळीस?”

“हाव!” मी म्हटलं.

“एवढं एकमत तर मयतीला खांदा कुणी द्यायचा यावर पण होत न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “काय सांगितलंस त्यांना?”

“दोन वह्यांचंच. थोडं माझ्या पद्धतीनं.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि गठ्ठा वेगळा ठेवला. पुण्याला पाठवायच्या ढिगात टाकला नाही.

तीन-चार दिवसांनी दुपारी आम्ही त्यांच्या ओसरीवर फॉर्म लावत होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. हातात माहितीची चिठ्ठी, घडी घालून घालून मऊ झालेली. प्रत्येक घरात एक चिठ्ठी द्यायची आणि तिच्यावर आपांचा पत्ता, हा आपांचा नियम होता. बोरतळीत मी पाळलेला तो एकच नियम. बाईला मी ओळखलं. तिला सुमन म्हणू.

“बाई, माझी सही परत मिळंल का?”

“मिळंल,” आपा म्हणाल्या. काय, कशी, कुठली असं त्यांनी काही विचारलं नाही. “आधी बस. पाणी पी.”

सुमननं पाणी घेतलं, तेही दोन घोट, जपून. मग खाली बघून बोलायला लागली. “समदे करून राहिले म्हणून मी बी केली. ह्या ताई म्हणल्या जिल्ह्यासाठी हाय.” तिनं माझ्याकडं बोट केलं नाही, नुसती मान वळवली. “मग शेजारणीच्या पोरीनं चिठ्ठी वाचली. त्यात दवाखान्याचं लिवलंय. नोंदी जोडणार म्हणून. बाई, मी दर महिन्याला नांदेडला जाते. घरी म्हायेरी जाते म्हणून सांगते. औषध आणते. घरात कुणाला ठावं न्हाई.”

“अच्छा.”

“आता जाईना झाले. गोळ्या संपून आठ दिस झाले. गेले की फिरून नोंद होईल, आन् नोंद झाली की जोडतील.”

मी तोंड उघडलं. नाव काढतात, नंबर टाकतात, घरच्यांना कळायचा प्रश्नच नाही, असं सांगणार होते. आपांनी नुसता हात वर केला. त्यांनी कोरं बारावं पान काढलं, सगळं पहिल्यापासून सांगितलं, सुमनकडून वदवून घेतलं. तिनं नकोच्या रकान्यासमोर सही केली. जुनं पान आपांनी तिच्याच हातात दिलं. तिनं फाडलं.

“आता जाशील ना नांदेडला?”

सुमन उठली नाही. तुकडे मुठीत धरून बसून राहिली. “बाई, एक विचारू? गावात समद्यांचा हो, आन् माझा एकटीचाच नको?”

“हाव. आत्ता तरी.”

“मग तो पुण्याचा माणूस म्हणंल, हिच्याच घरात काय तरी हाय. सरपंचाला फोन करून इचारंल.”

बाई बरोबर बोलत होती. एक्केचाळीसात एकच नको म्हणजे बोट दाखवण्यासारखं होतं.

“शुक्रवारपर्यंत थांब,” आपा म्हणाल्या. “त्याच्यापुढं मात्र गोळ्या चुकवू नको. मी येते गावात.”

सुमन गेल्यावर आपा बराच वेळ नुसते गठ्ठे बांधत राहिल्या. दोरा ओढायच्या, गाठ मारायच्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी मीच बोलले.

“तिचा बदलला ना आपा. चार-दोन घरांचे अजून बदलू, मी जाऊन येते. बाकीचे राहू द्या. जिल्ह्याचा प्रश्न हाय.”

“कुणाचे चार-दोन? तू ठरवणार?”

“मग काय सगळं गाव पुन्हा? आपा, दवाखाना नकोय का तुम्हाला?”

“माझी थोरली नांदेडच्या रस्त्यावर गेली,” आपा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “बाळंतपणात. जीपमध्ये. दवाखाना मला तुझ्यापेक्षा जास्त पाहिजे.”

हे मला ठाऊक नव्हतं. गावभर पत्रकं वाटणारी मी, ज्या घरात रोज चहा प्यायचे त्या घराला कधी काही विचारलंच नव्हतं.

“तुझ्या पत्रकात काय असतंय?” त्या म्हणाल्या. “सरकार आम्हाला न विचारता ठरवतंय. आमचा तालुका कुठं जोडायचा, आमचा दवाखाना कुठं न्यायचा, आम्हाला न विचारता. बरोबर लिहितेस. मग बोरतळीत तू काय केलंस?”

मी पाणी प्यायला आत गेले आणि माठापाशी उभी राहून रडले. त्यात पश्चात्ताप किती आणि राग किती, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून संस्थेच्या साहेबांचा फोन आला. आपा फोन नेहमी स्पीकरवर ठेवायच्या; लपवण्यासारखं काही नाही म्हणायच्या. “मॅडम, बोरतळीचे आकडे वैशालीनं सांगितले. फार छान. बाकी गावांत तुमचे नकार जास्त आहेत, हे एक गाव ते भरून काढेल. गठ्ठा कधी पाठवताय?” वैशाली म्हणजे मी; आकडे मीच घाईनं कळवले होते.

“बोरतळी पूर्ण न्हाई साहेब.”

“का? एक्केचाळीस घरं झाली ना?”

“झाली. विचारायचं राहिलंय.”

मग साहेब म्हणाले, पुढच्या टप्प्याचं काम कुणाला द्यायचं ते याच आकड्यांवर ठरणार आहे, जरा विचार करा. आपा म्हणाल्या, विचार करूनच बोलते.

शुक्रवारी आम्ही बोरतळीला गेलो. टँकर येऊन गेला, घागरी घरात गेल्या, मग आपा मला पारावर घेऊन आल्या. माणसं जमली. “सांग,” आपा म्हणाल्या आणि स्वतः पाराच्या कडेला बसल्या. सुमनचं नाव निघता कामा नये हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मी सांगितलं. मी खोटं बोलले. ती सही जिल्ह्याची मागणी नव्हती. त्या सह्या रद्द. आज पुन्हा विचारणार, नीट.

एक म्हातारा उठला. “जिल्हा मागत आलीस, आता माफी मागून राहिलीस. एकदा काय मागायचं ते ठरव की पोरी!”

हशा पिकला. दुसरा म्हणाला, “म्हंजे जिल्हा व्हायचाच न्हाई?”

“तो वेगळा कागद हाय,” मी म्हटलं. “त्याच्यावर वेगळी सही घेईन.”

मागून एक बाई म्हणाली, “सरकारी कागद आपुन रद्द केला, असं माझ्या जन्मात पहिल्यांदाच घडून राहिलंय गं.” आणि ती घराकडं वळली, जणू पाहुणे यायचेत.

मग घरं सुरू झाली. सुमनच्या नकोला सोबत पाहिजे होती, पण सोबत मागता येत नव्हती. नको म्हणा असं कुणाला सुचवलं, तर ते माझ्या पहिल्या खोट्यासारखंच झालं असतं. नुसतं नीट विचारायचं आणि थांबायचं. पहिलं घर: हो. दुसरं: हो. आठ घरं हो. आपांचा आवाज होता तसाच, घाई नाही, ओढ नाही. दोन वह्या, एक जिल्द, काय समजलं सांगा, आता नको म्हणून दाखवा. मी जन्मात पहिल्यांदा माझ्याविरुद्ध मत पडावं म्हणून जीव मुठीत धरून बसले होते.

नवव्या घरी एक निवृत्त फौजी होते. त्यांनी सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला. “नको. माझी वही माझ्यापाशी.” आपांनी खूण केली. कारण विचारलं नाही. मला त्या फौजींच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढं एक आजी. तिनं आधी सराव म्हणून नको म्हटलं, मग हसून पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा. “आता खरं काय लिहू, आजी?” आपांनी विचारलं.

“हेच लिही. सत्तर वर्सांत मला कुणी इचारलंच न्हाई. बापानं इचारलं न्हाई, नवऱ्यानं इचारलं न्हाई. आज तू इचारलंस तर म्हणूनच घेते. नको!” मग जरा काळजीनं, “तुझं काय नुकसान तर न्हाई ना झालं?”

“काईच न्हाई,” आपा म्हणाल्या.

आणि एक घर असं होतं, जिथली लेकुरवाळी सून सगळं ऐकून घेत होती. तिनं आधी विचारलं, कोण वाचणार. मग विचारलं, नाव खरंच काढणार का. मग म्हणाली, “जोडा. माझं पोरगं नांदेडच्या वाटेवर जीपमध्ये झालं. दवाखान्याच्या कागदावर ‘दवाखान्यात आणलं’ एवढंच लिवलंय. माझं सांगितलेलं आन् त्यांचं लिवलेलं शेजारी-शेजारी ठेवा. आन् काय निघालं ते इथं येऊन आमाला वाचून दाखवा. तसं लिहा तिथं.”

फॉर्मवर तशी जागा नव्हती. आपांनी समासात लिहिलं: निकाल गावात येऊन वाचून दाखवावा. मग पुढच्या घरांतही कुणी ना कुणी तेच सांगायला लागलं, बहुतेक त्या सुनेनं भिंतीपलीकडं आवाज दिला असावा. समासच्या समास भरले. मागच्या खेपेला मी जे हो आणले होते त्यांत असं एकही वाक्य नव्हतं.

सुमनच्या घरी आपांनी सासूला आधी बसवलं, घरात संशय नको म्हणून तिचा वेगळा फॉर्म भरला, मग नेहमीच्याच आवाजात उन्हं खायला बाहेर पाठवलं. मी बाहेर सासूशी टँकरच्या वेळेवर बोलत उभी राहिले. आत काय झालं ते मी बघितलं नाही.

संध्याकाळी जीपमध्ये आपांनी गठ्ठा मांडीवर घेऊन मोजला. नको नऊ होते. बाकी हो. त्यांनी पानं सरळ केली, दोरा बांधला. “आता नऊ जणी-जण हायत,” त्या म्हणाल्या. “आता कुणी एकटं न्हाई.”

पुण्याच्या साहेबांनी फोनवर म्हटलं, मॅडम, चांगलं गाव खराब केलंत. आपा म्हणाल्या, “साहेब, खराब आधी होतं. आता चांगलं झालं. समास वाचा.” साहेबांनी वाचले असावेत. दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला आणि आवाज वेगळा होता: ते दोन वह्यांचं तुम्ही कसं सांगता, जरा लिहून पाठवाल का? आपा म्हणाल्या, लिहून येत नाही, तुम्हीच या आणि ओसरीवर बसा. साहेब खरंच आले. टोपी घालून, घाम पुसत, एका म्हातारीपुढं बसून ते ‘वद्दु’ म्हणायला शिकले. आणि पुढच्या हिवाळ्यात संस्थेची माणसं बोरतळीच्या पारावर बसून काय निघालं ते मोठ्यानं वाचून गेली. जीपमध्ये झालेल्या बाळंतपणांचं त्यात वेगळं पान होतं. ते पान आता आमच्या समितीच्या निवेदनाला जोडलेलं आहे, त्या सुनेला विचारून. जिल्हा अजून झालेला नाही. होईल. मी आता हे उद्गारचिन्ह न देता लिहू शकते.

पण त्या वाचनाला आपा नव्हत्या. मे संपता संपता त्या धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरला गेल्या आणि तिकडंच राहिल्या. फोन करतात, नातवाचा आवाज ऐकवतात. मी त्यांना शेवटचं बघितलं ते देगलूरच्या बसस्टँडवर. त्या दिवशी त्यांच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा वीस लिटरचा कॅन होता.

“आपा, लोक लातूर सोडून इकडं येऊन राहिलेत आणि तुम्ही कॅन घेऊन तिकडं?”

“बाळाला पहिली आंघोळ देगलूरच्या पाण्यानं घालणार,” त्या म्हणाल्या. “तिच्या सासरच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.”

लातूरची गाडी लागायची होती. शेजारी नांदेडची लागली होती. तिच्याकडं चालत येणाऱ्या बायांमध्ये मला सुमन दिसली. हातात छोटी पिशवी, पदर नीट, पाऊल घाईचं. मी हात वर करणार तोच आपांनी माझं मनगट धरलं.

“नको. ती ओळख देईल तर द्यायची. न्हाई तर आपण तिला कधी बघितलेलंच न्हाई.”

आणि त्यांनी पाठ फिरवली. नांदेडच्या गाडीकडं पूर्ण पाठ. समोरच्या गाड्यावरची केळी बघायला लागल्या, एक फणी उचलली, पालथी केली, ठेवली, दुसरी उचलली. केळीवाला वैतागला, “अम्मा, घ्यायची हायत का नुसती चाचपायची हायत?” आपांनी त्याला उत्तर दिलं नाही. कंडक्टरनं बेल मारली. गाडीनं वळण घेतलं, रस्त्याला लागली आणि नांदेडच्या दिशेनं गेली. तरीही त्या मागं वळल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, “चढली?”

“हाव,” मी म्हटलं.

मग त्यांनी एक डझन केळी घेतली.